दिंडी आणि पंगत



अध्यात्माबद्दल समाजशास्त्र आणि मानसशास्त्र काय म्हणतं, असा भारी विषय मला दिलाय. मी बँकेतला माणूस, वाचलं तेवढं सांगतो.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ग्रंथात धर्म शोधला तो एकट्या माणसाच्या अनुभवात. फ्रान्सच्या दुर्खिम यांनी १९१२ मध्ये तो समूहात शोधला. माणसं एका तालात आली की प्रत्येकाला आपल्याहून मोठं काही जाणवतं, असं त्यांचं म्हणणं. सप्ताहात रात्री दोन वाजता टाळ धरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

आपल्या इरावती कर्वे तर स्वतः पंढरीच्या वाटेवर चालल्या. 'वाटचाल' या लेखात त्यांनी तो आनंद मांडला, आणि मनाला लागलेली एक गोष्टही. वाटेने एकत्र चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसत.

आता घरचंच सांगतो. आपल्या वार्षिक सत्यनारायणाला कितीतरी वर्षं सफाईवाल्या मावशींचं ताट गेटवर जायचं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. नेऊन देणारा मीच. मग वर येऊन भजनाला बसायचो. समाधान वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. तो लेख वाचल्यावर मात्र बोचू लागलं. गेल्या वर्षी मावशींना पंगतीत बोलावलं, तर म्हणाल्या, "नको काका, सवय नाय माका."

आज रात्री पंगत आहे. त्यांची पत्रावळ माझ्या शेजारी मांडायला सांगितली आहे.