नेट बंद पडले तर आधी काय पाहावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरसाल आरोग्य, मुलांचे संगोपन, घरातील काटकसर अशा विषयांवर चार शब्द ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकारिणीने मला सांगितले, की तुम्ही घरातल्या नेटवर बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. परंतु २०२० साली टाळेबंदीत घरोघर शाळा भरू लागल्या, तेव्हापासून आमच्याकडे तारेचे नेट आहे. आणि दुपारी ते बंद पडले म्हणजे घरात मी एकटीच असते. म्हणून थोरल्या मुलाला एकेक गोष्ट विचारून घेतली, वहीत टिपून ठेवली आणि स्वतः करून पाहिली. त्या वहीतलेच आज सांगते.

कोणी म्हणेल, हा का बायकांचा विषय? भगिनींनो, २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात नेटवरून झाला. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांचे नीटचे अर्ज नेटवर भरायचे. लाडकी बहीण योजना २०२४ साली आली आणि पुढल्याच वर्षी तिची ई-केवायसी नेटवर करावी लागली. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, सारे तेथेच. तेव्हा नेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेवटच्या तारखेला ते बंद पडले, तर मुलीचे एक वर्ष वाया जाण्याची वेळ येते. म्हणून घरी जी असते, तिला यातले थोडे कळलेच पाहिजे.

माझे माहेर लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मिरजेला भरायचे, सव्वातीनशेच्या वर किलोमीटर रुळांवरून आणायचे, लातूरला उतरवायचे, शुद्ध करायचे, टँकरमध्ये घालायचे, आणि मग आपल्या घागरीत. एखाद्या दिवशी पाणी आले नाही, तर बायका काही बाजारात जाऊन नवी घागर घेत नव्हत्या! त्या विचारीत, गाडी आली का? टँकर निघाला का? शेजारच्या गल्लीत पोचला का? म्हणजे पाण्याची वाट ठाऊक होती, आणि त्या वाटेवर ते कोठे अडले हे त्या शोधीत.

नेटचेही तसेच आहे. कंपनीच्या केंद्रापासून तार आपल्या गल्लीत येते. तेथून ती घरातल्या डबीत येते. त्या डबीला राउटर म्हणतात. काही घरी दोन डब्या असतात, एक तारेची व एक वायफायची. राउटरपासून मोबाईलपर्यंत किंवा संगणकापर्यंत ते वायफायने, म्हणजे हवेतून, जाते. इतकीच ही वाट. नेट बंद पडले म्हणजे या वाटेवर कोठे तरी अडले. कोठे, ते शोधल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, हेच आजच्या बोलण्याचे सार आहे.

आता पुष्कळ जणी म्हणतात, "अहो, वायफाय तर पूर्ण दाखवते आहे, मग नेट का नाही?" येथेच घोटाळा होतो. मोबाईलवर दिसणाऱ्या त्या पट्ट्या फक्त राउटरपासून आपल्या हातापर्यंतचे सांगतात. गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ यांच्यामधला पाइप चांगला आहे, म्हणून टाकीत पाणी आहे असे होत नाही. वायफाय म्हणजे तो पाइप. टाकीत पाणी येते की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

पाहायचे कसे? पहिली गोष्ट, घरात एकाच मोबाईलवर बंद आहे की सगळ्यांवर? एकावरच बंद असेल तर दोष त्या मोबाईलचा. तो बंद करून चालू करावा, वायफाय विसरायला लावून परवलीचा शब्द पुन्हा घालावा. सगळ्यांवर बंद असेल तर दोष राउटरचा किंवा तारेचा. दुसरी गोष्ट, एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच नाही? अर्जाच्या शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर गर्दी होऊन तेवढेच अडते. बाकीचे सारे उघडत असेल तर आपल्या घराचा दोष नाही. तिसरी गोष्ट, महिन्याचे पैसे भरले आहेत ना? मुदत संपली की वायफाय जुळते, पण पान उघडत नाही, किंवा पैसे भरण्याचेच पान पुढे येते.

यानंतर राउटरवरचे दिवे पाहावेत. हल्ली बहुतेक तारा काचेच्या तंतूच्या असतात. केसासारखा बारीक तंतू, आणि त्यातून वीज नव्हे तर उजेड धावतो. डबीवर इंग्रजीत एल्, ओ, एस् ही अक्षरे असलेला दिवा असतो. तो लाल झाला, तर समजावे की बाहेरचा उजेड डबीपर्यंत पोचत नाही. मग मोबाईलशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. अशा वेळी तार कोठे मुडपली आहे का, कपाटाखाली दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढे पाहावे. तांब्याची तार वाकली तरी चालते. काचेचा तंतू करकचून वाकला की उजेड आतच अडतो. मात्र निघालेल्या तारेच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांनाही हे बजावून ठेवावे.

दिवे ठीक असतील, तर राउटरचे बटण बंद करावे, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावे आणि तीन-चार मिनिटे धीर धरावा. ही छोटी यंत्रे दिवसरात्र चालून कधी कधी अडखळतात. एकदा बंद करून चालू केली की पुन्हा नीट चालू लागतात. परंतु मागच्या बाजूला सुई जाईल एवढे बारीक भोक असते, त्यात काही खुपसू नये. ते रीसेटचे. ते दाबून धरले की राउटरच्या पोटातले नाव, परवलीचे शब्द, सारे पुसले जाते. आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत बसून राहावे लागते. बंद करून चालू करणे निराळे आणि रीसेट निराळे.

आपल्याकडे विजेचा लपंडाव आहे. राउटरला इन्व्हर्टरवर घेतले तरी कधी नेट जाते. कारण गल्लीत मध्ये एखादे विजेवर चालणारे यंत्र असते व तेथे वीज नसते. मग घरात शोधाशोध करून काय मिळणार? राउटरचा अडॅप्टर बिघडला तर हाताला लागेल तो दुसरा लावू नये. त्यावर किती व्होल्ट लिहिले आहे ते पाहून तसाच घ्यावा. नाही तर राउटरही जळतो.

कित्येकदा नेट बंद नसते, नुसते मंद असते. राउटर लोखंडी कपाटामागे, मोठ्या आरशाजवळ किंवा फ्रिजच्या बाजूला ठेवला की वायफाय अडते. मायक्रोवेव्ह चालू असताना जवळच्या वायफायला त्रास होतो, कारण दोघांच्या लहरी एकाच जातीच्या, २.४ गिगाहर्ट्झच्या. राउटर घराच्या मधोमध, उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. पुष्कळ राउटरांवर ५ गिगाहर्ट्झचे दुसरे वायफायही असते. ते वेगवान असते, पण भिंतीपलीकडे लवकर दमते. म्हणून जवळ बसून अभ्यास करायचा तर ते घ्यावे, आणि मागच्या खोलीत पहिले घ्यावे.

ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी आणखी एक करून पाहावे. राउटरपासून संगणकाला तार जोडावी. तारेने चालले आणि वायफायने चालले नाही, तर दोष वायफायचा. तारेनेही चालले नाही, तर विंडोजच्या शोधात इंग्रजी सी, एम्, डी ही अक्षरे लिहून एन्टर दाबावे. काळी खिडकी उघडते, तिला घाबरू नये. तीत इंग्रजीत आयपीकॉन्फिग लिहिले की संगणकाला मिळालेला पत्ता दिसतो. बहुतेक घरी तो १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरने संगणकाला पत्ता दिलाच नाही असे समजावे. तार घट्ट बसवावी व दोन्ही यंत्रे बंद करून चालू करावीत. पत्ता ठीक असेल तर पिंग हा शब्द, थोडी जागा, आणि ८.८.८.८ असे लिहावे. म्हणजे दूरच्या एका यंत्राला हाक मारायची. उत्तर आले, तर बाहेरची वाट मोकळी आहे. तरीही पान उघडत नसेल तर नावांच्या यादीचा दोष. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्राला आकडा लागतो. नावावरून आकडा सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. "वाट चालू आहे, डीएनएस पाहा," एवढे आपण फोनवर सांगितले, तर पलीकडचा माणूसही आपल्याला उडवून लावीत नाही.

आमच्या गल्लीतील एका घरची हकीकत सांगते. मुलीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता आणि दुपारी नेट गेले. आलेल्या कारागिराने डबीकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि दोन हजारांचा नवा राउटर घ्या म्हणाला. मुलीच्या आईने मला हाक मारली. मी म्हटले, ताई, आधी अर्ज भरा, मग दुरुस्ती. पूर्वी चूल विझली तर शेजारून विस्तव आणीत, तसा माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि वीस मिनिटांत अर्ज भरून झाला. मग निवांतपणे पाहिले, तर एल्.ओ.एस्.चा दिवा लाल. आदल्या दिवशी दिवाण सरकवला होता, त्याच्या पायाखाली तार दबलेली. दिवाण उचलून तार मोकळी केली आणि थोड्या वेळात लाल दिवा गेला. दोन हजार रुपये वाचले. पण त्यापेक्षा मोठे म्हणजे त्या माउलीच्या चेहऱ्यावरची भीती गेली. अर्थात तार तुटलीच असती तर आमच्या हाताने ती जुळली नसती. तिला यंत्राने जोडणारा माणूसच लागतो. पण निदान "तार तुटली आहे, राउटर ठीक आहे," असे ठणकावून सांगता आले असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. तक्रार करायची तर कंपनीचा क्रमांक आपल्या बिलावरून किंवा पावतीवरूनच घ्यावा. गूगलवर शोधून पहिला दिसेल तो क्रमांक लावू नये. चोरांनी तेथे खोटे क्रमांक घालून ठेवलेले असतात. ते गोड बोलतात, "ताई, हे अॅप घ्या, म्हणजे मला तुमचा मोबाईल दिसेल," म्हणतात, आणि खाते रिकामे करतात. नेट दुरुस्त करायला ओटीपी सांगावा लागत नाही, बँकेचा पिन तर मुळीच नाही. असे कोणी मागितले की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० हा क्रमांक लावावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. कंपनी तक्रार ऐकत नसेल, तर तक्रारीचा क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि कंपनीच्याच वरच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांकही आहे.

शेवटी माझी एक विनंती. दळणाची, दुधाची, भिशीची वही आपण ठेवतोच. तशी नेटची एक वही ठेवा. तीत ग्राहक क्रमांक, कंपनीचा खरा फोन, पैसे संपण्याची तारीख आणि चांगले चालू असताना कोणते दिवे कसे दिसतात, हे लिहा. चांगल्या दिवशी दिवे कसे होते हे ठाऊक असेल, तरच वाईट दिवशी फरक कळतो. परवलीचे शब्द मात्र वेगळ्या पानावर लिहून कपाटात ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नका.

आणि मंडळाला सुचवते, की प्रत्येक गल्लीतील दोघींनी एवढे शिकून घ्यावे. आपल्यातल्या कित्येकींच्या सुना व मुली एम्.एस्.सी.आय.टी. झालेल्या आहेत, त्यांनी सासूला, शेजारणीला शिकवावे आणि आपणही लहानांकडून शिकायला संकोच करू नये. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता एखाद्या मुलीचे नेट गेले, तर तिने कोणाच्या दारी जावे, हे साऱ्या गल्लीला माहीत असले पाहिजे. पुढील महिन्याच्या सभेनंतर अर्धा तास मी राउटर घेऊन येथेच बसेन. ज्यांना हाताने करून पाहायचे असेल, त्यांनी जरूर थांबावे.