गजाली नसलेली सांज



मालवणी माणसाला गजालीशिवाय चैन पडत नाही, असं आपणच सांगतो. पण मयताच्या घरी त्याला बघा. मालवणात दांडीवरच्या आमच्या शेजारच्या आजोबांची घरवाली गेली, तेव्हा रोज सांजेला वाडीतली पाच-सात माणसं खळ्यात येऊन बसायची. "कशान गेली?" हे पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं. मग नुसती चंची पुढे सरकायची. मागीलदारी कुणीतरी पेजेचा टोप ठेवून गेलेला असायचा. अशा घरातून निघताना "येतो" म्हणायचं नसतं, त्यामुळे उठतानाही शब्द नाही.

असं मुकं बसणं हीच ज्यांची उपासना, असा ख्रिस्ती लोकांत एक पंथ आहे, क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने तो सुरू केला. जुन्या वळणाच्या त्यांच्या सभेत धर्मगुरू नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. आतून आलंच तर एखादा उठून दोन शब्द बोलतो, नाहीतर तास तसाच सरतो. अंत्यविधीही याच रीतीचा. या पंथातल्या मार्जोरी साइक्स सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणाच्या कामात होत्या. साधेपणा दोघांनाही प्रिय, त्यामुळे गांधीजींच्या माणसांशी क्वेकरांचं जुळलं यात नवल नाही. कणकवलीत १९४८ साली गोपुरी आश्रम काढणारे आपले अप्पासाहेब पटवर्धन त्याच मुशीतले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मैला साफ करण्याचं काम आपल्याला मिळावं म्हणून त्यांनी उपास धरला, आणि तिकडे येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं.

पण हौसेने पत्करलेला साधेपणा वेगळा आणि मुलगा मुंबईहून पैसे पाठवीत नाही म्हणून म्हातारपणी पेजेवर दिवस काढणं वेगळं. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊ नये.

बारावं झाल्यावर आजोबा रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढतात तिथे, आले. वय ऐंशीच्या घरात, हातात जोर नाही. ओढणाऱ्यांच्या मागे वाळूत बसून, वर आलेला दोर ते वेटोळं करून रचत राहिले. कुणी सांत्वन केलं नाही. मासळीचे वाटे घातले, तेव्हा त्यांचाही पडला, चार बांगडे. त्यांनी पिशवी उघडली, जरा थांबले आणि दोन परत ठेवले.

"एकट्याक इतके कित्याक?"

वाटे घालणाऱ्याने ते दोन्ही उचलले आणि काही न बोलता पुन्हा त्यांच्या पिशवीत टाकले.