पाण्याकाठचा कॅमेरा



शेजारचा माणूस तुम्हाला विचारतो, “एखादा चांगला बैल बघा माझ्यासाठी.” तुम्ही लगेच बाजाराचे नाव सांगत नाही. तुम्ही विचारता, “कशासाठी हवा? नांगराला, गाडीला, का नुसता पोळ्याला मिरवायला?” कॅमेऱ्याचेही असेच आहे. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मुलांना घेऊन नदीकाठ, धरणे, खाड्या हिंडणे हा माझ्या कामाचाच भाग. त्यामुळे शिक्षकमित्र नेहमी विचारतात, “सर, सहलीला, नदीवर, पावसात चालेल असा एक कॅमेरा सांगा.” मी उलट विचारतो, “तुम्ही पाण्याच्या काठी उभे राहणार, पाण्यावर जाणार, का पाण्यात उतरणार?” या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिन्हींना सारखाच चालणारा कॅमेरा अजून कोणी बनवलेला नाही. कष्टाचे पैसे खर्च होण्याआधी एवढे ध्यानात आले, की निम्मे काम झाले.

आधी काठावरच्या माणसाचे पाहू. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पट्टकादंब येतात. नाशिक जिल्ह्यातले नांदूरमधमेश्वर हे तर महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र ठरले. अशा ठिकाणी पाणी कॅमेऱ्याला लागतच नाही. तिथला खरा प्रश्न अंतराचा असतो. समजा, पक्षी तुमच्यापासून ५० मीटरवर आहे. मोबाईलची नेहमीची लेन्स तेवढ्या अंतरावर जवळजवळ ७० मीटर रुंदीचा देखावा टिपते. त्यात तुमचा रोहित मुंगीएवढा! हाच देखावा मध्यम आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून टिपला, तर चौकट सुमारे चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच होते. म्हणजे सव्वा मीटर उंचीचा पक्षी चौकटीची निम्मी उंची व्यापतो. पाण्याकाठी पक्षी टिपायचे असतील, तर पैसे आधी लेन्सवर आणि मग कॅमेऱ्यावर खर्च करावेत, ते यासाठी.

इथे दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. त्याला भुलू नका. कॅमेऱ्यात प्रकाश झेलणारा जो संवेदक असतो, त्याचा आकार विचारा. पावसात अंगणात एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? प्रकाशाचेही तसेच. खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. मोठ्या कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढले, तर फरक तीसपटीचा निघतो. भर उन्हात तो जाणवत नाही. पण पहाटेच्या धुक्यात, संध्याकाळी दिवेलागणीला, पक्षी हलते असतील तेव्हा लहान संवेदकाचे चित्र दाणेदार आणि मळकट होते.

मग लहान संवेदक घेऊच नये का? तसे नाही. निकॉन कंपनीने २०१८ साली काढलेला कूलपिक्स पी १००० हा कॅमेरा लहान संवेदकाचाच. पण त्याची लेन्स १२५ पट जवळ आणते, आणि चंद्रावरची विवरेसुद्धा स्पष्ट दिसतात. वजन मात्र जवळजवळ दीड किलो, आणि प्रकाश कमी झाला की त्याची ताकद संपते. एकाच यंत्रात सगळे हवे आणि लेन्सा बदलायची कटकट नको, अशा शिक्षकाला या जातीचा कॅमेरा सोयीचा. कंपन्या आता आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे जुने आरशाचे कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. तेही वाईट नाहीत. फक्त लेन्स उजेडाकडे धरून आतून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले, तर ती बुरशी आहे. तसला माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

काठावरून फोटो काढताना पाण्याची चकाकी फार त्रास देते. तळ्यातले मासे डोळ्यांना दिसतात, चित्रात मात्र नुसते आभाळ चमकते. यासाठी लेन्सच्या पुढे पोलरायझर नावाची काच लावतात. ती फिरवली की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश अडतो. पाण्याच्या सपाटीशी आपली नजर साधारण ३७ अंशांचा कोन करते, तेव्हा ही काच सर्वांत चांगले काम देते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. बादलीभर पाणी आणि एक काच, एवढे साहित्य पुरते.

आता पाण्यावर जाणारे घेऊ. होडीत बसलात, पावसात घाट चढलात, समुद्राच्या तुषारांत उभे राहिलात, की पाणी कॅमेऱ्यापर्यंत पोचतेच. मोठ्या कॅमेऱ्यांपैकी काहींवर ‘हवामानरोधक’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ शिंतोडे सोसणारा, बुडवता येणारा नव्हे. त्यातही कॅमेरा आणि लेन्स दोन्ही तशा हव्यात. एकच दार लावून दुसरे उघडे ठेवले, तर चोर यायचाच. कॅमेरा तसा नसेल, तर कोकणातला माणूस पावसात शेतावर जाताना जसे इरले घेतो, तसे कॅमेऱ्यालाही इरले करा. जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, लेन्सपुरते भोक पाडा आणि कडेला रबरबँड लावा, झालं! होडीत तिवईचा उपयोग होत नाही, कारण होडीच हलत असते. त्यापेक्षा कापडी पिशवीत किलोभर ज्वारी भरून ती होडीच्या काठावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. आणि उडता पक्षी टिपायचा, तर झडप सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ उघडी राहील असे पाहा.

पाण्यात उतरणाऱ्यांची गोष्ट मोठी रंजक आहे. १८९३ साली लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बानयूल्स इथे पाण्याखाली छायाचित्रे काढली. तेव्हाचे सामान अवजड, एकट्याने हलवायचे काम नव्हे. पुढे समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या प्रेरणेने झाँ द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने ‘कॅलिप्सो’ हा हातात मावणारा जलरोधक कॅमेरा तयार केला. १९६३ साली निकॉनने तोच ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला. २००१ पर्यंत तो निघत होता. त्याचे मर्म एका साध्या वस्तूत होते : जोडाच्या खाचेत बसवलेले रबरी कडे. कुकरच्या झाकणातली रिंग आठवा. तिच्यावर भाताचे एक शीत अडकले, तरी वाफ फुसफुसते. कॅमेऱ्याच्या कड्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तर पाणी आत शिरते, आणि शिट्टीही वाजत नाही. आजच्या कॅमेऱ्यातही रक्षण करते ते हेच कडे.

आज या जातीत खिशात मावणारे दणकट कॅमेरे मिळतात. उदाहरणार्थ, २०२३ साली निघालेला ओएम सिस्टीमचा टीजी ७ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, सुमारे दोन मीटरवरून पडला तरी टिकावा असा बनवलेला आहे आणि एका सेंटिमीटरवरच्या किड्याचे चित्र घेतो. शाळेच्या निसर्गमंडळाला यासारखे यंत्र फार कामाचे. दूरचा पक्षी मात्र त्याला जमत नाही. दुसरी जात लहान चौकोनी कॅमेऱ्यांची. निक वुडमन या लाटांवर खेळणाऱ्या अमेरिकन तरुणाने २००४ साली पहिला गोप्रो विकायला काढला, तेव्हा त्यात फिल्म होती. आता हे कॅमेरे चलच्चित्रे घेतात, वेगळ्या पेटीशिवाय १० मीटरपर्यंत चालतात आणि शिरस्त्राणावर किंवा होडीच्या टोकाला बसवता येतात. पोहणे, होडी, सायकल यांसाठी उत्तम. पण त्यांची नजर फार रुंद. समोरची टेकडीसुद्धा वारुळाएवढी दिसते.

“आमचा मोबाईल जलरोधक आहे की,” असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. त्यावर ‘आयपी ६८’ असे लिहिलेले असते. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा आकडा ७ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ असेल, तर त्याहून कडक चाचणी, पण किती खोल ते कंपनी ठरवते. कोणी दीड मीटर म्हणतो, कोणी सहा. ही चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात आणि नव्याकोऱ्या यंत्रावर होते. धबधब्याची धार म्हणजे स्थिर पाणी नव्हे, आणि समुद्र गोडा नव्हे. दोन वर्षे वापरलेल्या, एकदोनदा पडलेल्या मोबाईलच्या कड्यांत पूर्वीचा दम राहत नाही. पाण्याने बिघडला, तर हमीपत्रात भरपाई बहुधा नसते. शिवाय ओल्या पडद्याला बोट कळत नाही. तेव्हा मोबाईल न्यायचाच, तर जलरोधक पिशवीत घाला आणि आधी घरी त्या पिशवीत नुसता कागद घालून बादलीत बुडवून बघा. कागद कोरडा निघाला, तर मग मोबाईल.

पाण्याखाली प्रकाशाचे वागणे बदलते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो आणि मोठा दिसतो. लाल रंग सर्वांत आधी गडप होतो. पाचेक मीटर खाली तांबडे पोवळेसुद्धा मळकट दिसते. यावर महागडे दिवे घेण्याआधी एक फुकटचा उपाय आहे : जवळ जा. हातभर अंतरावरून काढलेले चित्र उजळ येते. गाळाच्या पाण्यात झगझगीत दिवा लावू नये, कारण प्रत्येक कण चमकतो आणि चित्रात जोंधळे उधळल्यासारखे दिसतात. आपल्याकडे मालवण-तारकर्लीचा समुद्र पावसाळ्यात गढूळ आणि खवळलेला असतो. पाण्याखालच्या छायाचित्रांचे दिवस पावसाळा सरल्यावरचे. आणि तिथल्या पोवळ्यांवर पाय देऊ नका. ती दगड नाहीत, जिवंत आहेत.

खाऱ्या पाण्यातून आलात, की जलरोधक कॅमेरा बंद स्थितीतच दहा मिनिटे गोड्या पाण्यात ठेवा, पुसा, सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडा. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलचे खडे, एवढे पुरे. खड्यांचा रंग पालटला, की बदला. तांदळात पुरून ठेवायची युक्ती सांगतात, पण त्याने ओल फारशी जात नाही, कोंडा मात्र आत जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला चौकटीपलीकडचे काही दिसत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. आपल्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल. म्हणून शिक्षकांनी सहलीत नियमच करावा : एकजण फोटो काढील, तेव्हा दुसरा प्रवाहाच्या वरच्या बाजूला नजर ठेवील. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली, आवाज वाढला, की ताबडतोब काठ सोडायचा. समुद्राकडे पाठ करून खडकावर उभे राहायचे नाही. आणि कॅमेरा पाण्यात पडला, तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. जाऊ दे तो. त्याला तरंगता पट्टा आधीच लावलेला असेल, तर बहुधा मिळेल. नाही मिळाला, तर पैसे गेले, इतकेच.

विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊन फोटो काढणे, थवा उडावा म्हणून होडी त्याच्यात घालणे, हेही टाळा. उडालेला थवा छान दिसतो खरा, पण त्या पक्ष्यांची चरण्याची वेळ आपण हिरावून घेतलेली असते.

शेवटी शिक्षकांसाठी एक सुचवतो. कॅमेरा कोणताही घ्या, अगदी मोबाईलही चालेल. गावच्या नदीवर किंवा तळ्यावर एक जागा ठरवा. दर महिन्याच्या एका ठराविक तारखेला, त्याच दगडावर उभे राहून, त्याच दिशेला एक चित्र घ्या. मागे तारीख आणि वेळ लिहा. मुलांनाच हे काम वाटून द्या. पहिल्या वर्षी त्यात विशेष काही दिसणार नाही. पाच-सात वर्षांनी पाणी कुठवर आटते, वाळू किती गेली, जलपर्णी कधी आली, कोणते झाड पडले, हे सारे त्या चित्रांत वाचता येईल. गावाजवळ अशी नोंद सहसा नसते. पहिले चित्र घ्यायला पुढच्या महिन्याची वाट कशाला पाहायची? या रविवारी जा.