उद्याची पोस्ट आज लिहिताना

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समाजमाध्यमांवरच्या पोस्ट आधी लिहून ठेवायच्या, त्यांना तारीख आणि वेळ लावायची आणि त्या वेळी त्या आपोआप प्रसिद्ध व्हायच्या, अशी सोय करून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांच्याबद्दल आज बोलणार आहे. हा विषय जाहिरात कंपन्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. माझे मत उलट आहे. मोठ्या कंपनीकडे या कामाला पगारी माणसे असतात. गावचे वाचनालय, हौशी नाट्यसंस्था, बचत गट यांच्याकडे असतो एखादा कार्यकर्ता. नोकरी आणि घर सांभाळून तो रात्री उशिरा फोन हातात घेतो आणि घाईघाईने काहीतरी टाकून मोकळा होतो. या साधनांची खरी गरज त्याला आहे. मात्र पोस्ट आपोआप गेली, तरी ती जाईल त्या दिवशी परिस्थिती काय आहे हे पाहायला माणूस नेमावाच लागतो. या दोन्ही गोष्टी आज मला तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

आधी थोडा इतिहास. 2008 मध्ये लंडनच्या इयन डॉड्सवर्थ यांनी ट्विटरसाठी ट्वीटडेक हे साधन तयार केले. त्याच वर्षी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात रायन होम्स यांच्या कंपनीत हूटसूट आकाराला आले. 2010 मध्ये इंग्लंडमध्ये जोएल गॅस्कॉइन या तरुणाने बफर सुरू केले. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याने इंटरनेटवर फक्त एक पान ठेवले होते: अशी सोय हवी असेल तर नाव नोंदवा. लोकांनी नावे नोंदवली, पुढे किंमत दाखवल्यावरही नोंदवली, मग त्याने काम हाती घेतले. बफरची पद्धत एसटीच्या वेळापत्रकासारखी आहे. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी सात अशा वेळा एकदाच ठरवायच्या आणि पोस्ट रांगेत लावायच्या. जी पुढे असेल ती पुढच्या गाडीने जाते. दर वेळी तारीख टाकत बसावे लागत नाही.

इन्स्टाग्रामने बाहेरच्या साधनांना थेट पोस्ट टाकण्याची परवानगी बरीच वर्षे दिली नव्हती. वेळ झाली की साधन फोनवर आठवण करून द्यायचे, पोस्ट हातानेच टाकावी लागायची. जानेवारी 2018 पासून व्यवसाय खात्यांना फोटो थेट शेड्यूल करता येऊ लागले. 2022 च्या अखेरीस व्यावसायिक खात्यांसाठी अ‍ॅपमध्येच ही सोय आली, तीही 75 दिवस आधीपर्यंतची. आज फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूट विनामूल्य आहे. यूट्यूब आणि लिंक्डइनवरही वेळ लावता येते. त्यामुळे लहान संस्थेने सुरुवातीलाच विकतचे साधन घेण्याचे कारण नाही.

फुकटातली सोय कायम टिकेल असेही धरून चालू नये. हूटसूटने आपली विनामूल्य योजना 2023 मध्ये बंद केली. ट्वीटडेकही त्याच वर्षी पैसे भरणाऱ्या ग्राहकांपुरते उरले. म्हणून मूळ मजकूर, फोटो आणि तारखांचा तक्ता स्वतःच्या संगणकावर ठेवावा. साधन बदलले तरी काम अडणार नाही.

ही साधने चालतात कशी, तेही समजून घेऊ. बाहेरचे साधन आपला पासवर्ड घेत नाही. आपण फेसबुकवर लॉगिन करून ‘याला माझ्या वतीने पोस्ट टाकू द्या’ अशी परवानगी देतो. त्या परवानगीची एक डिजिटल किल्ली साधनाकडे जाते, तिला टोकन म्हणतात. ठरल्या वेळी साधनाचा सर्व्हर ते टोकन दाखवून पोस्ट पुढे पाठवतो. टोकनची मुदत संपली किंवा आपण पासवर्ड बदलला, की ते निकामी होऊ शकते. मग पोस्ट जात नाही. आपण मात्र ती गेली असे समजून निर्धास्त असतो. ऑक्टोबर 2013 मध्ये बफरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांच्या हाती हीच टोकन लागली आणि ग्राहकांच्या खात्यांवरून वजन घटवण्याच्या जाहिराती पसरल्या. यातून घेण्यासारखे एवढेच, की कोणत्या साधनाला परवानगी दिली आहे याची यादी अधूनमधून तपासावी. जो कार्यकर्ता काम सोडून गेला, त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

आता आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. व्याख्यानमालेचे वक्ते आणि विषय काही आठवडे आधी ठरतात. प्रत्येक व्याख्यानाच्या तीन पोस्ट धरा: आठवडाभर आधी वक्त्याची ओळख, त्या दिवशी सकाळी वेळ आणि स्थळ, दुसऱ्या दिवशी व्याख्यानातला एखादा मुद्दा आणि छायाचित्र. यातल्या पहिल्या दोन एका बैठकीत लिहून ठेवता येतात. ओळख सावकाश लिहिली जाते, वक्त्याच्या नावाचे शुद्धलेखन दुसरा माणूस तपासतो, सभागृहाचा पत्ता एकदाच नीट लिहिला जातो. तिसरी पोस्ट आधी लिहूच नये. न झालेल्या व्याख्यानाला ‘उदंड प्रतिसाद’ लाभल्याचे लिहून ठेवणे ही वाचकाची फसवणूक आहे. आणि वक्ता आजारी पडला, तर? भित्तिपत्रक बदलले, फलक बदलला, पण शेड्यूल केलेली पोस्ट तशीच राहिली, तर जुन्याच वक्त्याला ऐकायला लोक येतील. म्हणून बदल झाला की पहिला फोन रांग सांभाळणाऱ्याला गेला पाहिजे.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, छापखान्यातला मजकूर. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर उचलून पोस्टमध्ये चिकटवला, की वाचता न येणारी चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये आणला पाहिजे. दुसरी, अक्षरमोजणी. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, साध्या खात्याला 280 चिन्हांची मर्यादा आहे, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, तिथे तो 11 चिन्हांचा भरतो. आधी लिहिण्याचा फायदा असा, की वाक्य मर्यादेत बसवायला वेळ मिळतो. ऐनवेळी शेपूट छाटले जाते आणि नेमकी तिथेच वेळ आणि स्थळ असते.

तारखांच्या बाबतीत तर आपल्याकडे विशेष काळजी हवी. आपले सण तिथीवर चालतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा पुढे ढकलून चालत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला झाले, पण देशात अनेक ठिकाणी दिवाळी 31 ऑक्टोबरला साजरी झाली. शिवजयंती शासनाच्या कॅलेंडरप्रमाणे 19 फेब्रुवारीला आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी होते. आपली संस्था कोणती पाळते हे तक्त्यात लिहिलेले हवे. परदेशातल्या मराठी मंडळांना घड्याळही सांभाळावे लागते. न्यू जर्सीत सकाळी नऊला लावलेली पोस्ट आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला दिसते आणि हिवाळ्यात साडेसातला, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलते.

आता सर्वांत महत्त्वाचे. 15 एप्रिल 2013 रोजी अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्या संध्याकाळी समाजमाध्यमे सांभाळणारे लोक एकमेकांना एकच सांगत होते: आधी लावून ठेवलेल्या पोस्ट थांबवा. माणसे मेली आहेत आणि आपल्या खात्यावरून सवलतीची हसरी जाहिरात जाते आहे, हे वाचणाऱ्याच्या जिव्हारी लागते. जाहिरात कालच लिहिली होती, हे त्याला माहीत नसते आणि माहीत असायचे कारणही नाही. त्याच्या लेखी संस्था आत्ता बोलते आहे. आपल्या गावात अपघात झाला, पूर आला, संस्थेचा एखादा जुना आधारस्तंभ गेला, तर तीच वेळ आपल्यावर येते.

निवडणुकीच्या काळात पोस्ट थांबवण्याला कायद्याची बाजूही आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 नुसार मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचाराला बंदी असते. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाआधी 18 तारखेच्या संध्याकाळी प्रचार थांबला. उमेदवारांची खाती सांभाळणाऱ्या तरुणांनी ती वेळ येण्याआधी रांग तपासून रिकामी केलीच पाहिजे. ‘आधीच लावली होती’ ही सबब कुणी पुढे करू नये.

अलीकडे ही साधने मजकूरही सुचवतात आणि कोणत्या वेळी पोस्ट टाकावी तेही सांगतात. सुचवलेली मराठी एकदा मोठ्याने वाचून पाहा. आपण असे बोलत नसू, तर वाक्य बदला. वेळेच्या बाबतीत जगभरच्या सरासरीपेक्षा आपले वाचक केव्हा जागे असतात, हे आपल्याच खात्याच्या आकड्यांत पाहा. दूध डेअरीचा सभासद आणि आयटी कंपनीतला नोकरदार एकाच वेळी फोन उघडत नाहीत.

श्रोतेहो, माझी विनंती साधी आहे. इथून घरी गेल्यावर आपापल्या संस्थेसाठी एक तक्ता करा: तारीख, विषय, मजकूर, छायाचित्र, लिहिणारा आणि तपासणारा. महिन्याभराचे काम एका बैठकीत ठरवा, पण एका वेळी आठवड्याभरापेक्षा जास्त दिवसांच्या पोस्ट लावू नका. रोज सकाळी बातम्या पाहून रांग तपासायला एक माणूस नेमा, त्याला पर्यायी दुसरा नेमा आणि कुणालाही न विचारता पोस्ट थांबवण्याचा अधिकार दोघांना द्या. हा अधिकार कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करून द्या. तो ठराव झाल्याशिवाय पहिली पोस्ट शेड्यूल करू नका.