तक्रारदाराला समोर बसवा

बौद्ध साहित्याच्या व्यासपीठावर पोलीस खाते कशाला, असा सवाल विषय जाहीर झाल्यापासून विचारला जातो आहे. उत्तर सरळ आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्षुसंघाची आठवण काढली ती भाविकपणे नव्हे. ठराव मांडणे, गणपूर्ती पाहणे, गुप्त मतदान घेणे, हे सारे संघाला ठाऊक होते, म्हणून काढली. संघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाला नुसती फुले वाहणाऱ्यांनी त्यातली चौकशीची रीत एकदा वाचावीच.

राजगृहाच्या वेळुवनात दब्ब मल्लपुत्त हा संघाचा अधिकारी होता. आलेल्या भिक्षूंना निवास नेमून द्यायचा, भोजनाची आमंत्रणे वाटून द्यायची, हे त्याचे काम. पद मिळाले तेही संघापुढे ठराव मांडून. मर्जी, द्वेष, मोह आणि भय यांना जो बधत नाही त्यालाच असे काम द्यावे, असा नियम होता. मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्षूंच्या गटाला एका श्रीमंताघरी कण्यांचा भात आणि आंबट पेज वाढली गेली. हे दब्बाचेच काम, असे ठरवून त्यांनी मेत्तिया नावाच्या भिक्षुणीला पुढे केले आणि त्याच्यावर बलात्काराचा आरोप करवला. तो खरा ठरता तर पाराजिक, म्हणजे संघातून कायमची हकालपट्टी.

संघ जमला. दब्बाला सर्वांदेखत विचारले गेले, त्याचे उत्तर सर्वांनी ऐकले. आरोप करवणाऱ्यांना खोदून विचारल्यावर कट उघडा पडला. दब्ब निर्दोष ठरला तोही कुणा वरिष्ठाच्या शेऱ्यावर नाही. त्याने संघाकडे तीनदा मागणी केली, ठराव तीनदा पुकारला गेला, कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा तो मंजूर झाला.

यातला डाग झाकायचे कारण नाही. त्या भिक्षुणीला आधीच संघाबाहेर काढले गेले. तिला पढवणारे मात्र खोट्या आरोपाविरुद्धचा नियम नंतर झाला म्हणून वाचले. विनयाच्याच कसोटीवर हे चूक ठरते.

आता महाराष्ट्र. हवालदार असो वा निरीक्षक, आरोप कळवून बाजू मांडू दिल्याशिवाय त्याला सहसा बडतर्फ करता येत नाही. संविधानाच्या कलम 311 चे हे संरक्षण योग्यच आहे. पण खातेनिहाय चौकशी खात्याच्या चार भिंतींत चालते, शिक्षा खातेच देते, आणि कोठडीत मार खाल्लेला माणूस तिथे फार तर साक्षीदार. निकाल काय लागला हे माहितीच्या अधिकारात विचारावे, तर शिक्षेचे आदेश ही कर्मचाऱ्याची व्यक्तिगत माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवले आहे.

परभणीचा ख्वाजा युनूस जानेवारी 2003 मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. या प्रकरणातले एक आरोपी, पोलीस अधिकारी सचिन वाझे, 2004 मध्ये निलंबित झाले आणि जून 2020 मध्ये, खटला निकाली निघालेला नसताना, सेवेत परतले. मे 2021 मध्ये वेगळ्याच प्रकरणात त्याच कलम 311 मधला अपवाद वापरून त्यांना चौकशीविना बडतर्फ केले गेले. सोळा वर्षांची ढिलाई आणि एका फटक्यातली घाई, दोन्ही बंद दाराआड. युनूसची आई न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली. वाझेंना परत घेणाऱ्यांपुढे तिला बसायला जागा नव्हती.

पोलीस म्हणजे संन्यासी नव्हेत, असे बजावणारे बरेच भेटतात. बरोबर! भिक्षूच्या हाती भिक्षापात्र असते, पोलिसाच्या हाती कोठडीची किल्ली. म्हणूनच त्याची चौकशी अधिक उघडी हवी. प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीत जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. गडचिरोलीच्या आदिवासीने मार खाऊन नागपूर गाठावे, असा याचा अर्थ.

या परिषदेपुढचा ठराव म्हणून असा आहे: जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण हवे, तक्रारदाराला चौकशीत हजर राहण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि अंतिम आदेशाची प्रत मिळण्याचा हक्क हवा. संध्याकाळच्या सत्रात तो मताला टाकला जाईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मंडपाबाहेर कुजबुजू नये, उभे राहून कारण सांगावे.