संशय कुणावर घ्यायचा? मुलांसाठी रहस्यमालिका लिहिताना

बसमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा. आज सांगणार आहे, ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी मी रहस्यकथांची मालिका कशी रचली. आणि सातवीतल्या एका मुलीमुळे पूर्ण झालेलं पहिलं पुस्तक मला परत का लिहावं लागलं, तेही.

सुरुवात पत्त्यापासून करू. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचलाय. हा बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि संकट आलं की 'ट्टॉक' करतो. तिकडे बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात फेलुदा आणला. हे मासिक १९१३ मध्ये त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी काढलं होतं, आणि १९६१ मध्ये राय यांनी ते पुन्हा सुरू केलं. फेलुदा कोलकात्यात रजनी सेन रोडवर राहतो आणि गोष्ट सांगतो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. या दोघांकडे पाहून मी पहिला धडा घेतला. डिटेक्टिव्हला गाव पाहिजे, गल्ली पाहिजे. 'एका शहरात' अशी सुरुवात केली की मुलं पुस्तक मिटतात.

म्हणून मी मिरज घेतलं. तिथे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. माझे हिरो तिघं: गल्लीतली एक मुलगी, तिचा चुलतभाऊ आणि समोरच्या चहावाल्याचा मुलगा. चोरीला काय जातं? एका म्हाताऱ्या गवयांचा, दुरुस्तीला दिलेला तंबोरा.

तंबोराच का? मुलांच्या गोष्टीत खून लागतोच असं नाही. पण गेलेली वस्तू कुणाच्या तरी जिवाची असली पाहिजे. दुसरं म्हणजे, तंबोरा खिशात मावत नाही! तो सायकलवर घालून कुणी नेला तर आख्खं गाव बघेल. मग गेला कुठे? बघा, वस्तू नीट निवडली की अर्धं रहस्य तीच तयार करते.

आता लिहिण्याची पद्धत. मी शेवटापासून सुरुवात करते. त्या रात्री खरंच काय घडलं, ते आधी एका पानावर सरळ लिहून काढायचं. कोण आलं, कुठून, किती वाजता, का. मग ते पान लपवायचं आणि त्याचे तुकडे गोष्टभर पेरायचे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहिले. त्यातले दोन मी भिंतीवर चिकटवलेत. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, आणि डिटेक्टिव्हला मिळालेला पुरावा वाचकालाही मिळाला पाहिजे. शेवटच्या पानावर कुठून तरी जुळा भाऊ आणायचा नाही. मुलं अशी फसवणूक विसरत नाहीत.

मोबाइल ही आजची खरी डोकेदुखी. फेणेच्या काळात मित्राला निरोप द्यायला धावत जावं लागायचं, आता लोकेशन पाठवलं की झालं. मग काय, सगळ्यांची बॅटरी संपवायची? ती चीटिंग वाटते. माझ्या गोष्टीत गल्लीत सीसीटीव्ही आहे आणि तो चालूही आहे. पण त्याचं तोंड रस्त्याकडे. त्यामुळे रस्त्याने कुणीच तंबोरा नेला नाही, एवढंच तो सांगतो. तंत्रज्ञान बंद पाडण्यापेक्षा त्याच्याकडून अर्धंच उत्तर मिळवावं.

मालिकेसाठी एक वही ठेवा. कोण कितवीत, कुणाच्या घरी कुत्रा, कुणाला अंधाराची भीती. दुसऱ्या भागात मी त्या चहावाल्याच्या मुलाला डावखुरा करून टाकलं होतं. पहिल्या भागात तो उजव्या हाताने चहा ओततो. वही होती म्हणून वाचले.

तर पहिलं पुस्तक झालं. पहिल्या मसुद्यातला चोर होता पॉलिशवाला पोरगा. बाहेरगावचा, वर्कशॉपमध्येच झोपणारा, पैशांची अडचण असलेला. मला वाटलं, पक्कं जमलंय. एका शाळेत सातवीच्या वर्गात वाचायला गेले. तिसऱ्याच पानावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, चोर तोच पॉलिशवाला."

मी विचारलं, "कशावरून?"

"गोष्टीत गरीब माणूस आला की तोच असतो ना."

वर्ग हसला, मीपण हसले. तास संपल्यावर ती पाणी प्यायला थांबली होती. मी म्हटलं, तुला गोष्ट आवडली नाही का गं? म्हणाली, आवडली. मग जरा वेळाने म्हणाली, "माझी आई तीन घरी कामाला जाते. एका घरी अंगठी हरवली तेव्हा त्यांनी आईची पिशवी उलटी करून बघितली. माझ्यासमोर."

"मग?"

"मग अंगठी त्यांच्याच पिठाच्या डब्यात सापडली."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. उद्या लवकर ये म्हणाले."

एवढंच बोलून ती वर्गात गेली. रडली वगैरे नाही. मी मात्र एसटीत बसून घरापर्यंत तेच ऐकत होते. त्या घरातल्या लोकांनी जे केलं, तेच मी १२० पानं करत होते, आणि वर त्याला 'रहस्य' म्हणत होते.

ही चूक काही माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत १९३० मध्ये नॅन्सी ड्रूची पुस्तकं सुरू झाली. कव्हरवर नाव कॅरोलिन कीन, पण अशी कुणी बाई नव्हतीच! एडवर्ड स्ट्रॅटमायरची कंपनी कथेचा आराखडा द्यायची आणि दुसरंच कुणी तरी पुस्तक लिहायचं. पहिली पुस्तकं लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्टना एकेका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळायचे. त्या जुन्या पुस्तकांत काळ्या लोकांची, परक्या लोकांची साचेबंद, वाईट चित्रणं होती. पालकांच्या तक्रारी आल्या आणि १९५९ पासून जुनी पुस्तकं पुन्हा लिहायला घेतली गेली. पण तोवर जवळजवळ तीस वर्षं मुलांनी ती तशीच वाचली होती. संशय कुणावर घ्यायचा, हेसुद्धा मुलं गोष्टीतूनच शिकतात.

मग मीपण पुन्हा बसले. आता स्पॉयलर आहे, नको असेल तर मिनिटभर पुढे सरकवा.

नव्या गोष्टीत तंबोरा वर्कशॉपच्या बाहेर गेलेलाच नसतो. त्याला गडद पॉलिश करून, दुरुस्त झालेल्या तंबोऱ्यांच्या रांगेत टांगलेलं असतं. दुसऱ्या प्रकरणात नायिकेला त्या रांगेत ताज्या पॉलिशचा वास येतो. तिसऱ्या प्रकरणात वहीतली नोंद दिसते, की रांगेतला प्रत्येक तंबोरा किमान आठ महिन्यांपूर्वी तयार झालाय. दोन्ही गोष्टी वाचकासमोर उघड्या पडल्यात. पण पॉलिशचा वास म्हटलं की सगळी गल्ली त्या पोराकडेच बोट दाखवते. त्याचे हात हुंगतात, त्याची पेटी उघडतात. माझी नायिकासुद्धा! आणि ज्याने हे केलं, त्याचे हात कुणी हुंगलेलेच नसतात. तो कोण, हे मात्र सांगणार नाही, पुस्तक वाचा.

गंमत म्हणजे गोष्ट जास्त अवघड झाली, म्हणून जास्त चांगली झाली. पहिली तिसऱ्या पानावर फुटत होती. ही नवी गोष्ट दुसऱ्या एका वर्गात वाचली, तर शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत कुणाला चोर सापडला नाही.

आणि चोर सापडल्यावर पुस्तक संपत नाही. त्यापुढे एक छोटं प्रकरण आहे. नायिका त्या पॉलिशवाल्या दादाकडे जाते. काय बोलावं ते तिला सुचत नाही. शेवटी म्हणते, "दादा, मी तुमची पेटी उघडली होती. चुकलं माझं." तो लगेच माफ करत नाही. हातातलं काम संपवतो, मग चहा मागवतो. संपादक म्हणाले, हे प्रकरण काढा, वेग जातो. मी नाही काढलं. आता मालिकेच्या प्रत्येक भागात माफीचं एक पान असतं. चुकीचा संशय घेतला असेल, तर तो जाऊन परत घ्यायचा.

पुस्तक छापून आल्यावर एक प्रत त्या शाळेत पाठवली. त्या मुलीने वाचली की नाही, मला कळलं नाही. बाईंचा फक्त मेसेज आला, की लायब्ररीत पुस्तक जागेवर नाही, कुणीतरी घरी नेलंय. ही चोरी मी काही शोधणार नाहीये.

तुमच्यापैकी कुणी रहस्यकथा लिहीत असेल, तर आजच एक करा. तुमच्या संशयितांची यादी काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, याच्यावर संशय का? पुरावा असेल तर ठेवा. नुसता गरीब, परका किंवा विचित्र दिसतो म्हणून असेल, तर खरा चोर अजून तुम्हाला सापडलेला नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, ऐकत राहा!