गर्द सुटल्यानंतरचे दिवस



पुण्यात १९८६ साली अनिल व सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभारले. तेव्हापासून 'व्यसन हा आजार आहे' हे आपण ऐकत आलो. ऐकणे सोपे, घरात तसे वागणे अवघड.

आमचा धाकटा भाऊ गर्द सोडून घरी परतला, तेव्हा आम्हांला वाटले, संकट टळले. टर्कीची अंगदुखी, उलट्या आठवडाभरात ओसरतात. पण झोप कित्येक महिने रुसते आणि ओढ त्याहूनही टिकते. आम्ही त्याचे खिसे तपासू लागलो. तो अबोल झाला.

डॉक्टरांनी समजावले : वेळेवर जेवण, हाताला काम, जुन्या अड्ड्यांपासून दूर राहणे. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी हा उपचार आहे, दुसरे व्यसन नव्हे. आणि खंडानंतर नशा पेलण्याची शरीराची ताकद घटते. पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून पाय घसरला तर हाकलू नका, दवाखान्यात न्या.

बँकेत पैपैने खाते वाढते, तसाच विश्वासही. परवा आम्ही त्याला लाइटबिलाचे पैसे दिले. पावती व सुटे पैसे त्याने टेबलावर ठेवले. आम्ही मोजले नाहीत.

वस्तीत असा कुणी परतला, तर 'गर्दुल्ला' म्हणू नका. नावाने हाक मारा.